सात सूत

रत्नागिरीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
क्ष-किरणांच्या खोलीशेजारी एक निळा पडदा आहे.
त्याची दुमड उसवलीय, टाके लांब लांब घातलेत,
हे मी ब्लाउजची हुकं काढताना पाहिलं.
एकतीस वर्षं मशीनवर काढली की
नजर आधी शिवणीवरच जाते.

नाझनीन मुकादम म्हणाली, मावशी, चार फोटो.
समोरून हात खाली, समोरून हात वर,
मग ही बाजू, मग ती.
चेहरा येत नाही, गळ्यापासून खालीच.
तरी मी खांद्यावर नसलेला पदर सावरला.

गळ्याच्या खळगीत तिने पेनाने एक टिंब काढलं,
तिथून पंचवीस सेंटिमीटर खाली दुसरं.
टेप तिने उलटी धरली होती.
मी बोलले नाही.
टेपच्या या टोकाला
मी पहिल्यांदाच होते.

मग पडद्यावर माझं अंग आलं.
तिने चार-पाच ठिकाणी टिचक्या मारल्या
आणि यंत्राने कडा आपणहून शोधल्या,
डावीची एक कमान, उजवीची एक,
मी खडू फिरवते तशी, फक्त न थरथरता.
किती वर सरकली, किती आत ओढली, व्रण किती दिसतो,
पंचवीस शेक घेतलेली कातडी किती काळवंडली
(वाळत घातलेल्या सोलांइतकी, पण ते त्याला कुठून कळणार),
सगळ्याचे आकडे.
आणि खाली चौकटीत एक शब्द:
ठीक.

उत्तम, चांगलं, ठीक, वाईट.
चारातला तिसरा.
चेहरा पडला तो नाझनीनचा.
म्हणाली, आमच्या राजिवड्यात आई कालवं फोडते,
त्याची दोन शिंपलं कुठे सारखी असतात मावशी,
एक खडकाला धरून, दुसरं नुसतं झाकण.
मी म्हटलं, मी काय कालव आहे गो?
दोघी हसलो. ती जरा उशिरा.

तिला नाही सांगितलं ते हे.
दुकानात माझ्या अकरा वह्या आहेत, लाल पुठ्ठ्याच्या.
जैतापुरातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांत.
नावापुढे एक बारीक टिंब असतं, म्हणजे
एक बाजू दुसरीपेक्षा सैल कापायची.
ऑपरेशननंतर झोप यायची नाही,
तेव्हा एका रात्री टिंब नसलेली नावं शोधत बसले.
तीन सापडली.
त्यांतली एक आठ वर्षांची,
परकर-पोलक्यासाठी आलेली.
सुलभा तेरवणकर तर लग्नाआधी माप देताना रडली होती.
मी अस्तराच्या आत एक पट्टी जास्त दिली.
तिला अजून वाटतं, आमचा आरसा चांगला.

यंत्राचा राग नाही.
ते मला ओळखत नाही आणि खोटं बोलत नाही.
हे दोन्ही एकाच गिऱ्हाइकात
मला कधी मिळालं नाही.
डॉक्टर म्हणतात, असे आकडे साठले की
पुढच्या बाईला टाका कुठे घालावा ते कळेल.
कळू दे.

निघताना एवढंच विचारलं,
डावी वर किती गेली?
दोन पूर्णांक तीन, ती म्हणाली. सेंटिमीटर.
एसटीत खिडकीशी बसून मी ते इंचात आणत राहिले.
पूर्णगडच्या पुलावर चुकलं,
आडिवऱ्याच्या उतारावर जमलं:
सात सूत.
इंचाला एक सूत कमी.

रात्री शटर अर्धं ओढून वही काढली.
शालन कुवेसकर, असं लिहिलं.
दुसऱ्यांची मापं घेता घेता
हे नाव राहूनच गेलं होतं.
पुढे टिंब दिलं, जरा ठसठशीत.
मोरपंखी कापड आठ महिने पडून होतं,
त्याच्या डाव्या पुढ्याची चुण
सात सूत वर घेतली
आणि कात्री घातली.

पहाटे खाडीवर होडीचं इंजिन सुरू झालं
तेव्हा मी कच्चे टाके घातलेला ब्लाउज अंगावर घालून
आरशासमोर होते.
सगळ्यांना विचारते तसंच सवयीने मनात आलं,
ठीक बसतंय ना?
तोंडात टाचण्या होत्या.
थांबा म्हणून मी हात वर केला.